गुणाजी मोल शिकला

एका गावात एक भोळा शिपाई होता. त्याचं नाव गुणाजी. त्याच गावात एक ज्युनिअर कॉलेज होतं. दोघांची गाठ पडायला नको होती, पण पडली. गुणाजीला रसायनाच्या प्रयोगशाळेत नेमलं. माणूस फार आज्ञाधारक. सांगितलेलं एकदा डोक्यात शिरलं की तिथंच राहायचं. जागाही भरपूर होती.

त्या साली विज्ञान शाखा ठेवायची की बंद करायची, हे ठरवायला पाच जणांची समिती यायची होती. सगळ्यांचे प्राण कंठाशी आले होते. गुणाजी तेवढा निवांत.

रसायन शिकवणाऱ्या वाघचौरे मॅडम म्हणाल्या, “गुणाजी, एक मोल साखर आणा. तीनशे बेचाळीस ग्रॅम.”

गुणाजीनं अचूक आणली. मॅडमनी शाबासकी दिली. तिथंच चुकलं.

“आता एक मोल मीठ आणा.”

गुणाजीनं तीनशे बेचाळीस ग्रॅम मीठ आणलं.

“अहो, मिठाचा मोल साडेअठ्ठावन्न ग्रॅमचा! मोल म्हणजे डझनासारखा. डझनभर केळी आणि डझनभर कलिंगडं, नग सारखे, वजन वेगळं. वजनावर जाऊ नका, नग बघा.”

“बरं मॅडम. ध्यानात ठेवतो.”

आणि त्यानं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य म्हणाले, “समितीला जेवू घालायचंय. दोन किलो बटाटे आण.”

गुणाजीनं दोन बटाटे आणले. चांगले निवडून.

“अरे, दोन बटाट्यांत पाच माणसं जेवतील? आधी माणसं मोजावीत. दर माणशी दोन तरी नकोत?”

“बरं सर. ध्यानात ठेवतो.”

हेही ठेवलं.

समिती येण्याच्या दिवशी सकाळी मॅडम म्हणाल्या, “एक मोल आम्ल मी मापून ठेवलंय. त्याला लागेल तेवढा खायचा सोडा काढा.”

गुणाजीनं समितीची माणसं मोजली. पाच. दर माणशी दोन, म्हणजे दहा मोल. टेबलावर आठशे चाळीस ग्रॅम सोड्याचा ढीग लागला.

मॅडमनी कपाळाला हात लावला. “अहो, आम्लाच्या एका मोलाला सोड्याचा एकच मोल लागतो. बाकीचे नऊ नुसते बसून राहणार! जोडी जमेल तेवढंच घ्यायचं. उरेल त्याला चिठ्ठी लावायची आणि व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत कुलूपबंद करायचं.”

“बरं मॅडम.”

अकरा वाजता समिती आली. प्रयोगशाळेत खुर्च्या चारच निघाल्या. चार सदस्य बसले. अध्यक्ष हातपाय धुऊन मागून येत होते, आणि दारात गुणाजी उभा होता.

मॅडमनी आम्लात सोडा टाकला. मस्त फसफसलं. चौघांनी माना डोलावल्या. शेरा लिहून झाला. आता सही तेवढी अध्यक्षांची हवी होती.

“गुणाजी, साहेब कुठायत?”

“खुर्च्या चार, माणसं पाच. जोड्या चार जमल्या, मॅडम,” गुणाजी अभिमानानं म्हणाला. “एक उरले.”

व्हरांड्याच्या टोकाला कुणीतरी आतून दार बडवत होतं. कुलपाखाली चिठ्ठी डकवलेली होती, सुवाच्य अक्षरात:

‘अध्यक्ष. एक नग. जास्तीचे. कोरड्या जागी ठेवावे.’