तुतीखालची कुरडई

एका गावात सगुणाबाई नावाची एक बाई राहत असे. तिच्या हातच्या कुरडया अशा पांढऱ्याशुभ्र की पाहत राहावे. गावात लेकीचे लग्न निघाले की रुखवतात मांडायला कुरडया सगुणाबाईच्याच हव्यात, असा हट्टच असे सगळ्यांचा.

तिला तुतीची भारी हौस. रोपवाल्याने रुंद, लुसलुशीत पानांची काडी पुढे केली. ती म्हणाली, "ही रेशमाच्या किड्यांना द्या. मला पोरांना फळं खाऊ घालायचीत." गोड, काळ्या फळांची काडी निवडून तिने आणली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून भर अंगणात लावली. खतपाणी केले, वेळच्या वेळी छाटली. तिसऱ्या चैत्रात झाड असे लगडले की गावाने तोंडात बोटे घातली.

त्याच आठवड्यात अंगणात यमुनाकाकूंच्या लेकीच्या रुखवताच्या कुरडया वाळत होत्या. तीन दिवस गहू भिजवा, वाटा, चीक काढा, शिजवा, मग सोऱ्याने एकेक कुरडई घाला. कंबरमोड काम! दुपारी सगुणाबाई बाहेर येऊन बघते तो काय, साळुंक्या तुतीवर पोटभर जेवून कुरडयांवर जांभळे सडे घालून गेलेल्या. लग्न दहा दिवसांवर आले होते.

नवरा केरबा म्हणाला, "नखाने खरवडून टाक. तळल्यावर कोणाला कळतंय? कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"साळुंकीचं शिटलेलं मांडू होय लेकीच्या रुखवतात?" ती म्हणाली आणि तडक यमुनाकाकूंकडे गेली.

"काकू, कुरडया नासल्या. वाळवणाच्या जागी तुती लावली, चूक माझी. आठ दिवस द्या, घरच्या गव्हाच्या नव्या करते."

काकूंचा चेहरा उतरला. पण त्या म्हणाल्या, "बरं. खरं सांगितलंस, तुझ्यावर भरवसा ठेवते."

घरी केरबा कुऱ्हाड घेऊन उभा! सगुणाबाईने ती काढून घेतली. "नाचता येईना अंगण वाकडं! झाडाने काय केलं? जागा मी चुकवली."

शेजारच्या घराच्या सपाट माळवदावर तिने नव्या कुरडया वाळवल्या. रुखवतात त्या अशा उठून दिसल्या की वरमाईने करणारणीचे नाव विचारले.

आषाढात सगुणाबाई तुतीच्या काड्या न्हाणीमागे, सांडपाण्याच्या वाटेवर लावत होती. ह्यांनी मूळ धरले की मगच अंगणातली जुनी तुती काढायची, असे तिने ठरवले होते. माहेरी आलेली काकूंची लेक कुंपणाशी आली. "मावशी, सासरी लावायला मला एक काडी द्याल?"

सगुणाबाईने दोन दिल्या. "ने पोरी. फक्त लावण्याआधी सासूबाईंना विचार, वाळवण कुठे घालता? मग तिथून लांब लाव. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी चूक करून शिकले."

तात्पर्य: चूक लपवली तर तिचा डाग दुसऱ्याच्या ताटात जातो, कबूल करून निस्तरली तर तिचेच शहाणपण चार घरांच्या कामी येते.