शांतवनबुवांचे तीर्थ

प्रवरेच्या काठी, नदी बाभळींच्या रांगेआड किंचित वळण घेते तेथे, वडाळनेर नावाचे एक लहानसे गाव आहे. सुगी आटोपून धान्य घरात आले, की ख्रिस्तभक्त शांतवनबुवा दरवर्षी या गावी येत. खांद्यावर वीणा, अंगात जाडीभरडी बंडी आणि मुखी प्रभू येशूचे नाम. ते आले म्हणजे उपकारस्मरणाची उपासना होई, कीर्तन होई, आणि वर्षभरात ठरलेली लग्नेही बुवांच्याच हातून लागत. कारण बुवा दीक्षा घेतलेले पाळक होते आणि वडाळनेरच्या मंडळीला स्वतःचा पाळक नव्हता. त्यांचा कंठ असा, की ते देवळात गात असता नदीपलीकडचे गुराखी थबकून ऐकत. कीर्तनाचे ध्रुपद मात्र ठरलेले:

एका दारी उभा राहे, त्यासी सारे घर आहे ।
दारोदारी जो का हिंडे, त्याची झोळी रिती राहे ॥

ध्रुपद सर्वांना पाठ होते. पण पाठ असलेली गोष्ट मनुष्य किती सहज विसरतो!

त्या मंडळीचे कारभारी होते पौलसराव. मनुष्य सश्रद्ध, कामसू. पण बुवांवर आपलाच पहिला हक्क, असा त्यांना अभिमान जडला होता. मागील वर्षी बुवा पाय धुऊन आत गेले, तेव्हा ते पाणी पौलसरावांनी फेकू दिले नाही. तांब्याच्या कळशीत भरून ठेवले. पुढे कोणाचा तरी हिवताप उतरला, आणि त्याने दोन दिवस आधी त्या कळशीतला घोट घेतला होता. झाले! तेव्हापासून लोक ‘बुवांचे तीर्थ’ मागू लागले. कळशी आटत आली, की पौलसराव तीत विहिरीचे पाणी ओतीत. वेदीवरच्या क्रुसाशेजारी बुवांच्या जुन्या वहाणा आल्या, त्यांवर फुले आली. बुवा गावोगावी हिंडत असल्यामुळे त्यांच्या कानावर यातले काहीच गेले नाही.

त्याच गावात रिबकाबाई नावाची विधवा राहत असे. गोधड्या शिवून तिने आपली लेक सलोमी वाढवली होती. सलोमीचे लग्न ठरले होते, आणि ते बुवा येतील त्या दिवशी लागायचे होते. लग्नाच्या आदल्या सकाळी देवळाचे अंगण सारवायला रिबकाबाई गेली, तेव्हा पौलसरावांनी पळीभर पाणी तिच्यापुढे धरले.

“घ्या बाई. उद्या शुभकार्य आहे.”

“तहान न्हाई लागली, कारभारी.”

“हे तहानेचं नव्हे. आशीर्वादाचं आहे.”

“आशीर्वाद म्या देवापाशी मागितलाय. त्याच्यात कुनाचे पाय कशापायी भिजवायचे?”

आसपासच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पौलसरावांना ते हसणे झोंबले.

“मोठी आली देवाशी बोलणारी! अगं, कलेक्टरला भेटायचं तर आधी दारावरच्या शिपायाला रामराम करावा लागतो.”

“कलेक्टरकडं लागत आसंल. बापाच्या घरी जायाला लेकीला शिपाई लागत न्हाई. आन् मधी एकजन लागतोच म्हनाल, तर त्यो क्रुसावर जीव देऊन उभा हाये. तेवढा पुरे मला.”

“म्हणजे तू बुवांना मानत नाहीस?”

“मानते की. बुवा आले की भाकर वाढते, त्यांचं सांगनं ऐकते. पर गुडघं टेकायचं ते एकाफुडंच.”

“मग ऐक,” पौलसराव म्हणाले. “जोवर तू हे तीर्थ घेत नाहीस, तोवर मंडळीतला एकही माणूस सलोमीच्या लग्नाला उभा राहणार नाही. व्याह्यांना काय सांगायचं, ते तुझ्या देवाला विचार.”

रिबकाबाईने शेणाचे हात धुतले आणि ती घरी गेली. सलोमीने शेजारच्या बायांकडून सारे ऐकलेच होते. आईचा चेहरा पाहून ती म्हणाली, “आये, एक घोट त्यो काय. पर तू प्यालीस, तर म्या उद्या प्रभूफुडं वचन कुन्या तोंडानं देऊ? तसलं लगीन नगं मला.” असे म्हणून ती आत गेली आणि रडली, कारण तिला ते लग्न मनापासून हवे होते.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आले, तशी वऱ्हाडाची बैलगाडी आली आणि पाठोपाठ शांतवनबुवाही आले. परंतु काय सांगावे! गावोगावच्या कीर्तनांनी आणि वाटेच्या धुळीने बुवांचा कंठ पुरता बसला होता. ओठ हलत, पण शब्द उमटत नसे. वाटेतल्या वैद्यांनी सांगितले होते की पौर्णिमेपर्यंत तरी आवाज येणे नाही. आता वधूवरांना वचने विचारणार कोण?

पौलसरावांना तर आयतेच निमित्त मिळाले. ते अंगणात उभे राहून सर्वांदेखत म्हणाले, “पाहिलंत? काल या बाईनं बुवांच्या तीर्थाचा अव्हेर केला आणि आज बुवांची वाणी गेली. हा कोप कोणामुळे झाला, ते मी वेगळं सांगायला नको.”

वरपिता खंडू साळवे हा भिडस्त मनुष्य. तो चुळबुळत म्हणाला, “विहीणबाई, घोटभर पानीच हाये न्हवं? घ्या की. आमाला बी दिवस मावळायच्या आत घर गाठायचंय.”

हे ऐकताच बुवा चमकले. त्यांनी प्रथमच ती कळशी पाहिली, दारातून आत पाहिले, वेदीवरच्या वहाणा ओळखल्या आणि दोन्ही हात जोराने हलवून ‘नको, नको’ असे खुणावू लागले.

“बघा,” पौलसराव म्हणाले, “बुवा दोन्ही हातांनी आशीर्वाद देताहेत.”

बुवांनी कपाळावर हात मारून घेतला.

“आणि आता डोक्याला लावून घ्या म्हणताहेत.”

हताश होऊन बुवा पायरीवर बसले. तेव्हा पौलसरावांना आणखी एक युक्ती सुचली. त्यांनी पळी भरली आणि मोठ्या नम्रतेने बुवांच्याच मुखाशी नेली. “ज्यानं दुसऱ्यांचे ताप गेले, त्यानं आपला कंठ का मोकळा होऊ नये? घ्यावं महाराज, आपलंच आहे.” सर्वांगाने मागे सरणाऱ्या त्या सत्पुरुषाला पाहून मुले खुदकन हसली, मोठ्यांनाही हसू आवरेना.

एकटी रिबकाबाई हसली नाही. ती बुवांजवळून पुढे गेली, देवळाच्या उंबरठ्याशी क्रुसाकडे तोंड करून तिने गुडघे टेकले आणि म्हणाली,

“देवा, लगीन होवो न होवो, म्या तुजीच. दुसरीकडं मागायची न्हाई. पर ह्या म्हाताऱ्याला बोलतं कर. त्याच्या मनात येक हाये, आन् त्याच्या वतीनं बोलनारा भलतंच बोलतोय. त्याचं त्याला बोलू दे, बापा. प्रभू येशूच्या नावानं मागते.”

आणि तोच, ज्या कंठातून गावात आल्यापासून कुजबुजही निघाली नव्हती, त्यातून स्वच्छ, भरदार आणि सर्वांच्या ओळखीचा शब्द उमटला, “आमेन.”

स्वतः बुवाच क्षणभर दचकले. मग त्यांनी डोळे मिटून, हात जोडून देवाचे उपकार मानले. लोक उठून उभे राहिले. धन्य ती अनन्यता, आणि धन्य तो एकमेव प्रभू, जो आपल्या लेकराची हाक दुसऱ्या कोणावर सोपवत नाही!

बुवा म्हणाले, “पौलसराव, हे पाणी कधीचं?”

“गेल्या सुगीचं, महाराज. आपण पाय धुतलेत तेव्हाचं.”

“त्या दिवशी मी पाटलांच्या गोठ्यातून आलो होतो,” बुवा म्हणाले. “दोन्ही पाय घोट्यापर्यंत शेणात बुडाले होते.”

खंडू साळव्याला असा ठसका लागला, की त्याच्या पाठीत थापट्या माराव्या लागल्या. ज्यांनी ज्यांनी कळशीतले घोट घेतले होते, ते एकमेकांची नजर चुकवू लागले. बुवांनी कळशी उचलून कुंपणाजवळच्या शेवग्याच्या बुडाशी रिती केली. आत जाऊन वहाणा वेदीवरून उतरवल्या आणि बाहेर आणून जमिनीवर ठेवल्या. मग ते म्हणाले, “बाबांनो, मी आपल्या धन्याच्या घरचा गडी. गड्यावर माया करा, त्याला जेवू घाला, चुकला तर कान धरा. पण धन्याच्या पाटावर त्याला बसवू नका. त्यानं गडी बुडतो आणि बसवणाराही बुडतो. तुम्ही ज्या माउलीला बोल लावलात, तिनंच आज मला बुडताना वर काढलं.”

पौलसरावांचे डोळे भरून आले. ते आधी रिबकाबाईपुढे गेले. “बाई, चुकलो. सलोमीच्या लग्नाला सगळ्यांच्या आधी मी उभा राहतो.” ती म्हणाली, “उभं ऱ्हावा, पर आधी त्या बैलांस्नी पानी दावा, कारभारी. सकाळधरनं तसेच जुपल्यात.” गड्यांना हाक न मारता पौलसरावांनी स्वतः बैल सोडून त्यांना पाणी पाजले.

परत आले ते थेट बुवांच्या दिशेने. इतक्या वर्षांची सवय. वाकून त्यांनी बुवांच्या पायांवर मस्तक टेकायला घेतले. ते टेकण्याआधीच शांतवनबुवांनी दोन्ही पाय हळूच मागे घेतले. पौलसरावांचे कपाळ सारवलेल्या भुईला लागले, आणि समोर कोणी नव्हते. होता तो उघड्या दारातून दिसणारा क्रूस.

“आता ठीक झालं,” बुवा म्हणाले, आणि स्वतःही त्यांच्या शेजारी, त्याच भुईवर, त्याच दिशेला तोंड करून गुडघ्यांवर बसले.

बराच वेळ गेला. मंडपात वधूवर थांबले होते. पौलसरावांनी मान न उचलताच हलकेच विचारले, “उठू का, बुवा?”

“ते मला कशाला विचारता?” बुवा म्हणाले.