वाढणाऱ्या मुलींची पंगत

तालुक्याच्या एका गावी एकदा एका मुख्याध्यापिकेने हट्ट धरला, की गावातले एकही मूल आपल्या शाळेच्या फाटकाबाहेर राहता कामा नये. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. सहावीत दाखल होऊ पाहणाऱ्या हेमलतेचा एक पाय जन्मापासून अधू; ती कुबडी घेऊन चाले. तिला प्रवेश देताना संचालकांनी नाक मुरडले. "अशा मुलांच्या शाळा वेगळ्या असतात," असेही सुनावले. मोठ्या बाई हटल्या नाहीत. त्यांनी पायऱ्यांशेजारी उतार बांधून घेतला, सहावीचा वर्ग माडीवरून खाली आणला आणि मुलीला वर्गशिक्षिका शुभदाबाईंच्या हाती सोपवले.

शुभदाबाई नोकरीत नव्या आणि मनाने फार मऊ. त्यांनी हेमलतेला तळहाताच्या फोडासारखे जपले. वर्ग झाडायचा नाही, फळा पुसायचा नाही. दुपारी खिचडीची पंगत बसण्याआधीच तिचे ताट तिच्या हाती येई. तिला कोणी काही बोलायचे नाही, अशी मुलींना सक्त ताकीद होती. मुली बिचाऱ्या इतक्या आज्ञाधारक, की त्यांनी तिच्याशी बोलणेच सोडले.

एके सकाळी हेमलतेची आई शाळा सोडल्याचा दाखला मागायला आली.

"पोरगी यायलाच नको म्हणते, बाई. रोज रडते. कुणी त्रास देतं का विचारलं, तर म्हणते, कुणीच काही करत नाही."

इतके करूनही आपले काय चुकले, हे शुभदाबाईंना कळेना.

"दुपारपर्यंत थांबा," मोठ्या बाई आईला म्हणाल्या. "मग हवा तर दाखला घेऊन जा."

दुपारी व्हरांड्यात मुली ताटे घेऊन जमल्या. शुभदाबाईंनी नेहमीप्रमाणे हेमलतेचे ताट वाढून तिच्या हाती दिले. तेवढ्यात मोठ्या बाई आल्या आणि त्यांनी ते ताट सर्वांदेखत तिच्या हातातून काढून घेतले. मुलीचे डोळे भरून आले. बाईंनी खिचडीच्या पातेल्याजवळ एक स्टूल ठेवले, तिला त्यावर बसवले आणि तिच्या हाती डाव दिला.

"आजपासून वाढण्याची पाळी तुलाही. पंगतीतून फिरायला नको. मुली रांगेने तुझ्याकडे येतील."

शुभदाबाईंना संताप अनावर झाला. ज्या बाईंनी या मुलीसाठी संचालकांशी वैर घेतले, त्यांनीच तिच्या तोंडचा घास काढावा?

पहिल्या दोन ताटांत वाढताना हेमलतेकडून थोडी खिचडी बाहेर सांडली. तिसरी मुलगी ताकीद विसरून ओरडली, "ए, मला कमी वाढलंस!"

"आधी ते संपव, मग माग!" हेमलता तितक्याच जोरात म्हणाली. रांगेत हशा पिकला आणि तीही हसली.

शुभदाबाई मध्ये पडणार, तोच मोठ्या बाईंनी त्यांचा हात धरला.

"भांडू दे गं. घरी पाहुणा आला, तर आपण त्याला कामाला हात लावू देतो का? पहिलं ताट त्याचं असतं. त्याच्याशी कुणी भांडत नाही. आणि कितीही पाहुणचार झाला, तरी पाहुण्याला ठाऊक असतं, की आपल्याला इथून निघायचं आहे. शुभदा, तू त्या मुलीचा फार प्रेमाने पाहुणचार केलास. मीही उतार बांधून तिला दारातून आत घेतलं आणि माझं काम झालं असं समजले. पण घरचं माणूस तिला अजून कुणीच केलं नव्हतं."

रांग संपत आली होती आणि पातेल्यात खिचडी थोडीच उरली होती. सवयीने शुभदाबाई हेमलतेचे ताट उचलून पुढे झाल्या.

"दमलीस ना? आण, तुझं वाढून देते."

हेमलतेने डाव मागे घेतला.

"नको बाई. वाढणाऱ्या मुली शेवटी जेवतात."

"हो, आम्ही तिघी एकदम बसणार," त्या दिवशी वाढण्याची पाळी असलेल्या दोघी मुली बादल्या आवरता आवरता म्हणाल्या.

शुभदाबाईंनी ताट हळूच खाली ठेवले. व्हरांड्याच्या टोकाला हेमलतेची आई उभी होती. तिने पदराने डोळे पुसले आणि दाखल्याचे नावही न काढता ती फाटकाकडे वळली.