तापाच्या वेलीचा ठसा

पुस्तकं लाकडी ठशांवर छापली जायची, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. एका राज्यात ठसे कोरणारी एक बाई होती. तिनं कोरलेलं पान बघावं, तर आत्ता वाऱ्यानं हलेल असं वाटायचं.

राजानं झाडपाल्याच्या औषधांचा ग्रंथ करायला सांगितला. मजकूर थोरल्या शास्त्रीबुवांचा, चित्रं बाईची. शास्त्रीबुवांनी लिहिलं मात्र सुरेख! पण तापाच्या वेलीशी आले आणि त्यांना घाई झाली.

“पेटीत कारल्याच्या वेलीचा जुना ठसा आहे, तोच लावून टाका. वेल ती वेल.”

“शास्त्रीबुवा, तुम्हीच लिहिलंय, पान पिंपळपानासारखं. कारल्याचं पान कातरलेलं असतं. फिरत्या वैदूनं आणून दिलेली वेल समोर ठेवून मी नवा ठसा कोरलाय.”

“चित्र म्हणजे नुसती शोभा गं. अर्थ आम्ही सांगतो. तू लाकूड तास.”

दरबारातल्या बाकीच्या म्हाताऱ्या शास्त्र्यांनी माना डोलावल्या. त्यांतल्या एकानंही ती वेल जन्मात पाहिली नव्हती. मान डोलवायला वेल पाहावी लागत नाही.

कारल्याचाच ठसा लावून ग्रंथ छापला गेला. पुढं घरोघर ताप आला. बाईची लेकही फणफणली. तरणा वैद्य ग्रंथ उघडून तिच्या उशाशी बसला आणि बसूनच राहिला.

“मजकूर एक वेल सांगतो, चित्र दुसरीच दाखवतं. आणू कुठली?”

बाईनं फळीवरचा आपला ठसा काढला, शाई लावून कागदावर दाबला आणि तो कागद मजकुराशेजारी धरला. पिंपळपान तर होतंच, शिवाय मजकुरात नसलेली पानाखालची बारीक लवही होती. दोघं रानात धावले. तिथं तशाच पानांच्या, तशाच लवेच्या दोन जातींच्या वेली!

“झालं! आता?” वैद्य रडकुंडीला आला.

“आता शास्त्रीबुवांना विचारू,” म्हणत बाईनं मजकूर वाचला. ‘पान चुरडल्यास ओल्या मातीचा वास येतो.’ चुरडून पाहिलं. एकाच वेलीला तो वास होता.

काढा पोटात गेला. तिसऱ्या दिवशी लेकीनं भाकरी मागितली.

राजानं ग्रंथ परत मागवले, नव्यानं छापायला लावले. या खेपेला शास्त्रीबुवा स्वतः वेल हातात धरून बाईसमोर बसले.

“अरे, पानाला लव आहे की! लिहायचीच राहिली.”

“मग लिहा. पण ठसा वेलीशी ताडून होईपर्यंत हात हलवू नका.”

शास्त्रीबुवांनी हात हलवला नाही. तो ग्रंथ पुढं पिढ्यान्‌पिढ्या टिकला, आणि त्यानं कुणाला रानात चुकू दिलं नाही.

तात्पर्य : चित्र आणि अक्षर एकमेकांचे साक्षीदार असतात, एकाला कमी लेखलं, की दुसरंही खोटं पडतं.