कोरडा वेत

“आणि मग साहेब काय म्हणाला?”

“म्हणाले, रंगनाथ, एक तारखेपासून तू फक्त यायचं. हजेरी लावायची आणि बसायचं. पगार चालू राहील.”

“चांगला माणूस दिसतो.”

रंगनाथला हे अपेक्षित नव्हतं. एसटीच्या मागच्या बाकावर खुर्ची सांभाळत तो एवढ्या लांब आला होता, तो साहेबाचं कौतुक ऐकायला नव्हे.

“बाबा, मला बसायला नाही ठेवलेलं. मी खुर्च्या विणायला आहे.”

फकिराच्या जपमाळेचा एक मणी पुढं सरकल्याचा आवाज तेवढा आला.

हा दाऊदबाबा टेकडीवरच्या दर्ग्यात राहत असे. फार बोलत नसे. पण लोक त्याचा शब्द मानत. रंगनाथचा साहेब दर गुरुवारी संध्याकाळी न चुकता इथं येतो, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं.

“साहेब तुमचं ऐकतील,” रंगनाथ म्हणाला. “आता प्लास्टिकच्या खुर्च्या आल्यात म्हणतात. येऊ देत. पण जुन्या वेताच्या आहेत, त्या तरी माझ्याकडं असू द्या, एवढं सांगा. रिकामं बसून पगार घ्यायचा म्हणजे…”

“म्हणजे काय?”

“घरात एखादं म्हातारं माणूस असतं ना, बाबा. वेळेवर जेवायला घालतात, पण कुणी काही विचारत नाही. तसं होईल.”

…

“उद्या गुरुवार,” फकीर म्हणाला.

“म्हणून तर आज आलो.”

“काम कसं आहे तुझं?”

रंगनाथ याच प्रश्नाची वाट बघत होता. शेजारी ठेवलेली खुर्ची त्यानं दोन्ही हातांनी पुढं सरकवली.

“अंधशाळेत विणकामात मी पहिला होतो. ही कालच पुरी केली. इतकी वर्षं झाली, माझ्या कामात अजून कुणी चूक काढली नाही.”

“कुणीच नाही?”

“एकानंही नाही.”

“हं…”

पायरीवर हुसेनाबी फुलांच्या चादरी गुंफत बसली होती. तिचा आवाज आला. “खरंच झाक विणलीय, बाबा. जाळी बघा कशी बसलीय. दृष्ट लागेल.”

“बसून बघितलीस?”

“मी? मी बसले तर खुर्ची जाईल आणि तिच्यामागनं हा पण जाईल रडत.”

ती हसली. रंगनाथही हसला. त्याला बरं वाटलं.

“मी खुर्चीवर बसत नाही,” फकीर म्हणाला.

हे खरं होतं. आल्यागेल्याला तो चटई द्यायचा आणि स्वतः उघड्या फरशीवर बसायचा. पण आता त्याचे गुडघे वाजले. कफनीची सळसळ रंगनाथच्या अगदी जवळून गेली.

फकीर खुर्चीत बसला.

टच्च.

आवाज अगदी बारीक होता. हुसेनाबीचं लक्षही गेलं नाही. रंगनाथनं मात्र तो ओळखला. कोरडी पट्टी तुटली की असाच आवाज येतो. पाठोपाठ आणखी एक आला. मग वेत लांबलचक कुरकुरला आणि गप्प झाला. बैठक खाली गेली होती.

आता बाबा “छान” म्हणतील, असं त्याला वाटलं. सगळेच म्हणत. ऑफिसातला शिपाई गोविंद म्हणायचा, “एक नंबर, रंगनाथराव.” टायपिंगच्या बाई म्हणायच्या, “तुमच्या हातात जादू आहे हो.”

“कशी आहे, बाबा?”

…

“टोचते.”

रंगनाथचे कान गरम झाले.

“नवी आहे. बसून बसून मऊ होईल.”

“होईल कदाचित.”

फकीर जागच्या जागी हलला, तसा वेत पुन्हा कुरकुरला.

“कुरकुर फार करते रे ही,” फकीर म्हणाला.

“वेत आहे, बाबा. कुरकुरणारच. वेताच्या खुर्चीवर कुणी बसलं की मला लांबूनही ओळखू…”

त्याचं बोलणं तिथंच थांबलं.

ऑफिसात दिवसभर लोखंडी खुर्च्या फरशीवर खरखरत. प्लास्टिकच्या सरकत. वेताची कुरकुर शेवटची कधी ऐकली, ते त्याला आठवेना. त्यानं पुष्कळ आठवून पाहिलं. आठवलं ते दुसरंच. विणून झालेली खुर्ची गोविंद उचलून न्यायचा आणि लगेच शेजारच्या अडगळीच्या खोलीचं दार वाजायचं. ते दार रंगनाथनं इतक्या वेळा ऐकलं होतं, आणि त्याचा कधी विचार केला नव्हता.

“ही तुटते कशानं?” फकिरानं विचारलं. रागावून नाही. अंगणात ऊन आलं का, असं विचारावं तसं.

“वेत कोरडा राहिला की.”

“मग कोरडा का राहिला?”

रंगनाथनं तोंड दुसरीकडं वळवलं.

“विणायच्या आधी तो बादलीत बुडवून ठेवावा लागतो. नळ मागच्या अंगणात आहे. वाटेत मोटारसायकली लावतात, त्याही रोज वेगळ्या जागी. भरली बादली घेऊन मला जमत नाही. एकदा गोविंदला सांगितलं. तो म्हणाला, आता तुमचं पाणीपण आम्हीच भरायचं का? सगळे हसले. त्याला तसं म्हणायचं नसेल. मीसुद्धा हसलो.”

“मग?”

“मग परत नाही सांगितलं. प्यायच्या बाटलीतलं थोडं शिंपडून घेतो.”

“गोविंदनं दुसऱ्यांदा काय म्हटलं असतं?”

“काय माहीत.”



रंगनाथ ताठ बसला. “बाबा, मी जन्मात कधी कुणापुढं हात पसरला नाही.”

“मी रोज पसरतो,” फकीर म्हणाला.

रंगनाथनं जीभ चावली.

“तसं नव्हतं म्हणायचं मला. तुमची गोष्ट वेगळी आहे.”

“वेगळी कशी?”

…

फकीर उत्तरासाठी अडून बसला नाही.

“बरं,” तो म्हणाला. “उद्या साहेब आला की त्याला याच खुर्चीत बसवतो. बघू दे तुझं काम.”

कडुलिंबातून वारा गेला.

साहेब इथं बसेल. वेत टच्च करील. आणि साहेब काय म्हणेल, ते रंगनाथला आत्ताच ऐकू आलं. “छान आहे हो, रंगनाथ.” मग तो जपून उठेल, विजार झटकेल आणि पगार चालू ठेवील.

“नको,” रंगनाथ म्हणाला.

“मग त्याला काय सांगू?”

“तुम्ही काही सांगू नका. ही मी उसवतो. पिशवीत वेत आहे. साहेब यायच्या आत होईल विणून. मग त्यांना बसवतो आणि मीच विचारतो, टोचते का म्हणून.”

“आणि टोचली तर?”

“तर परत उसवीन.”

त्यानं पिशवीतून वेताची जुडी काढली. पट्ट्या एकमेकींवर वाळक्या शेंगांसारख्या खडखडल्या. त्याची बोटं त्यांच्यावरून फिरली आणि थांबली.

दर्ग्यामागं विहीर होती. येताना त्यानं रहाटाचा आवाज ऐकला होता. पण त्या बाजूला किती पायऱ्या आहेत, कठडा आहे की नाही, त्याला काही ठाऊक नव्हतं. पिशवीत पाण्याची बाटली होती. तिच्यात दोन घोट उरले असतील. सवयीनं त्याचा हात तिच्याकडं गेला.

झाकणाला लागला.

मग हळूच मागं आला.

“बाबा…”

“हं.”

एवढंसं वाक्य, पण ते त्यानं मनात दोनदा जुळवलं.

“मला बादलीभर पाणी आणून द्याल?”

बोलता बोलता आपला हात पुढं झाला आहे, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. एका हाडकुळ्या पंजानं तो हात घट्ट धरला, तेव्हा त्याला कळलं.

फकीर म्हणाला, “आणतो, बेटा. पण आधी मला ओढून काढ. कधीचा रुतून बसलोय.”