महानायक शिरस्त्राणावर बसला

फार फार पूर्वी, आपल्याला दिसतो त्या शेवटच्या ताऱ्याच्याही पलीकडे, दोन सूर्यांचा एक ग्रह होता. तिथे लढवय्ये लोक राहत. भांडण हा त्यांचा धर्म आणि आरडाओरडा ही त्यांची बोली. त्यांचा एक कायदा होता : महानायकाने कधीही माफी मागायची नाही. मागितली, तर कुणीही त्याला द्वंद्वात हरवून गादी घ्यावी.

त्या वेळी घोरक नावाचा महानायक राज्य करत होता. शेजारच्या चंद्राचा अधिपती मुरंड याच्याशी तह करायचं ठरलं. मेजवानी मांडली गेली. घोरक ऐटीत आसनावर बसला आणि किंचाळून उडाला. आसनावर मुरंडचं शिंगं असलेलं शिरस्त्राण होतं. एक शिंग मोडलं, दुसरं घोरकला टोचलं.

"माझ्या बापजाद्यांचा मान मोडलास!" मुरंड गरजला. "माफी माग!"

"महानायक माफी मागत नसतो!" घोरक एका हाताने मागची बाजू चोळत ओरडला.

झालं! दुसऱ्याच दिवशी दोन्हीकडची सैन्यं मैदानात उभी ठाकली. घोरकने आपल्या म्हाताऱ्या सेनापतीला, त्राजाबाईंना, विचारलं, "आजी, मागचं महायुद्ध कशावरून झालं होतं?"

"तुझ्या आजोबांचा पाय कुणाच्या तरी शेपटीवर पडला, त्यावरून."

"आणि त्यात किती गेले?"

"माझे तिन्ही मुलगे गेले, बाळा," त्राजाबाई म्हणाल्या आणि दुसरीकडे बघू लागल्या.

घोरक तलवार त्यांच्या हातात देऊन एकटाच मैदानाच्या मधोमध गेला.

"मुरंड, मी न बघता बसलो. चुकलं माझं."

मुरंडचा जबडा उघडाच राहिला. मग तो कानाशी येऊन पुटपुटला, "खरं सांगू? मोठं आसन मला हवं होतं. म्हणून शिरस्त्राण टाकून जागा धरली होती."

दोघंही पोट धरून हसले. तह झाला.

पण घोरकच्या सैन्यातून एक दांडगा वीर पुढे आला. "तू माफी मागितलीस! आता माझ्याशी लढ!"

"लढतो की," घोरक म्हणाला. "पण आधी मी केलं ते तू करून दाखव. तू ज्याचं वाईट केलंस, त्याची इथे सगळ्यांसमोर माफी माग."

वीराने मागे पाहिलं. पहिल्याच रांगेत त्याची बायको ढाल घेऊन उभी होती आणि भुवया उंचावून वाट बघत होती. वीराला दरदरून घाम फुटला. तो ढाल सावरत निमूटपणे रांगेत परतला. दुसरं कुणीही पुढे आलं नाही.

घोरकने पुढे म्हातारपणापर्यंत राज्य केलं, आणि त्याच्या राज्यात कुठल्याच आईला रणांगणाकडे डोळे लावून बसावं लागलं नाही.

तात्पर्य : तलवार उपसायला मनगट पुरतं, चूक कबूल करायला छाती लागते.