थांबाईनं पेरलेला सावा

फार फार वर्षांपूर्वी, गाव हा शब्दसुद्धा जन्मला नव्हता, तेव्हाची ही हकीकत. तेव्हा माणसं चालायची. शेळ्या पुढे आणि माणसं मागे, अशी वर्षभर चालायची. चारा असेल तिथे मुक्काम करायचा, तो संपला की उठून पुढच्या डोंगराकडे निघायचं. अशीच एक टोळी पाऊस सरता सरता एका नदीकाठी यायची, कारण तिथल्या रानात सावा पिकायचा. सावा म्हणजे मोहरीएवढं बारीक धान्य. बायका तो ओंजळीनं ओरबाडून घ्यायच्या, चार दिवस सगळे पोटभर खायचे, आणि टोळी निघून जायची.

या टोळीत एक बाई होती. तिचं खरं नाव आता कोणालाच माहीत नाही. थांबाई हे नाव तिला पुढे पडलं. तिचा मुलगा डुंगा टोळीचा म्होरक्या होता, उंच, अबोल, दिवसभर चालला तरी न दमणारा.

एके वर्षी नदी उतरताना थांबाई शेवाळलेल्या दगडावरून पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. टोळीनं तीन दिवस वाट पाहिली. रानातला सावा संपला, शेळ्या ओरडायला लागल्या. टोळीची रीत अशी होती, की ज्याला चालता येत नाही त्याच्याजवळ सात दिवसांचं खाणं आणि विस्तव ठेवायचा, आणि निघायचं. जाताना मागे वळून बघायचं नाही. ती माणसं दुष्ट नव्हती. एकासाठी सगळे थांबले तर सगळेच उपाशी मरतील, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

डुंगानं आईला उचलून काठावरच्या उंचवट्यावर उंबराखाली बसवलं. फांद्यांचा आडोसा केला.

"माझ्या आईला मी असंच ठेवलं होतं," थांबाई म्हणाली. "किती जड जातं ते मला ठाऊक आहे. ऊठ. ऊन चढायच्या आत खिंड गाठा."

"आये, रागावू नकोस."

"ते मला आत्ता सांगता येणार नाही," ती म्हणाली.

असं म्हणतात, डुंगा मागे वळला नाही, पण शेळ्या वळल्या. त्यांना हाकलून न्यावं लागलं.

सात दिवस गेले आणि आठव्या दिवशी थांबाई जिवंतच होती. उंबरं पडायची ती खायची, हाताला लागतील ती कंदमुळं उकरायची, जवळचा थोडा सावा पुरवून पुरवून खायची. पण पाऊस सरल्यावर नदीचं पाणी काठापासून लांब सरकलं होतं. ती सरपटत नदीवर जायची आणि सरपटत परत यायची, त्यात अख्खा दिवस जायचा. असं म्हणतात, नदीला ते बघवलं नाही. एका सकाळी थांबाई उठली तर पाणी उंचवट्याच्या पायाशी आलेलं. नदी वाकून तिच्याजवळ आली होती. म्हणून तिला वाकी म्हणतात. शिकलेली माणसं सांगतात, खाली खडक आहे म्हणून ती तिथे वळते. गावातले लोक त्यांचं ऐकून घेतात.

थंडी गेली, उन्हाळा सरत आला. हाड वाकडं जुळलं. काठीच्या आधारानं तिला उभं राहता येऊ लागलं, पण चालता येईना. सावा दोन ओंजळी उरला. मग एक वळवाची सर येऊन गेली आणि चार दिवसांनी तिला दिसलं, की गेल्या वर्षी सांडलेल्या दाण्यांना तिच्या पुढ्यातच कोंब फुटलेत. ती कितीतरी वेळ त्या कोंबांकडे बघत राहिली. आपल्याला साव्याकडे जाता येत नाही, तर सावा आपल्याकडे येऊ शकतो, असं तिच्या मनात आलं.

एक ओंजळ तिनं खाल्ली. दुसरी मातीत पेरली, आणि पेरताना रडली, कारण पोटात भुकेची आग होती. बसल्या बसल्या काठीनं माती उकरायची, हात पुरेल तिथपर्यंत दाणे टाकायचे, मग पुढे सरकायचं. पावसात तण उपटलं. कणसं धरली तेव्हा हाकारे घालून पाखरं उडवली. असं म्हणतात, त्या साव्याचं कणीस कोल्ह्याच्या शेपटीएवढं होतं आणि त्या एका ओंजळीनं धान्य साठवायचे सात खड्डे भरले.

त्याच सुमाराला टोळी परत आली. त्या वर्षी डोंगरापलीकडे गवत उगवलं नव्हतं. सात माणसं वाटेत गेली होती. डुंगाची बायको सांगी गरोदर होती आणि दोन दिवस नुसत्या पाण्यावर होती. रानातला सावा हरणांनी आधीच खाऊन टाकला होता. तेवढ्यात त्यांना उंचवट्यावर धूर दिसला.

डुंगा लांबच थबकला. "आये, तूच आहेस का?"

"मीच आहे," थांबाई म्हणाली. "पिकातून येऊ नका. कडेकडेनं या."

सगळे जेवले. चार दिवस जेवले, दहा दिवस जेवले, तरी धान्य उरलं. असं कधी झालं नव्हतं. अकराव्या दिवशी डुंगा आईजवळ येऊन बसला.

"रागावली होतीस?"

"होते तर. पण तण उपटायला हात मोकळे लागतात. राग बाजूला ठेवला, तो तिथेच राहिला."

"धान्य बांधून घेऊ. तुला मी पाठीवर नेतो."

"आणि पुढच्या पावसात इथे पेरणार कोण? मी नाही येत."

सांगी उठून सासूशेजारी जाऊन बसली. मग एक लंगडा माणूस बसला, मग दोन तान्ह्या बाळांच्या आया. अशी नऊ माणसं बसली. हिरमा नावाचा म्हातारा मात्र चिडला. "माती उकरणं हे काय माणसाचं काम?" तो म्हणाला आणि काठी टेकत शेळ्यांमागे चालू लागला. डुंगाही निघाला, कारण शेळ्यांना चारा हवा होता.

मागे राहिलेल्यांनी कुडाची गोल घरं बांधली. सांगीला मुलगी झाली, उंचवट्यावर जन्मलेली पहिली. धान्य उरत होतं, म्हणून सगळ्यांनीच शेतात राबायची गरज राहिली नाही. लंगड्या माणसाला माती कालवता यायची. त्यानं पोटाएवढ्या उंचीचे रांजण घडवले. चालणाऱ्या माणसाला रांजण काय कामाचा? एकीनं सूत कातलं. वाटेनं जाणारे लोक मीठ आणि शंख देऊन सावा नेऊ लागले. भांडणंही झाली, तुझा वाफा कुठवर आणि माझा कुठवर. तेव्हा थांबाईनं मध्ये दगड रोवले, आणि रोवलेला दगड हलवायचा नाही असं ठरलं.

वर्ष झालं. एका दुपारी खिंडीतून डुंगा एकटाच येताना दिसला. शेळ्या चारत येणारी टोळी त्याच्या बरीच मागे होती. त्याच्या पाठीवर हिरमा होता.

उंचवट्यापासून चार दिवसांच्या वाटेवर असताना हिरमाचे पाय गेले होते. रीतीप्रमाणे त्याच्याजवळ खाणं ठेवलं, विस्तव ठेवला, सगळे निघाले. डुंगा शंभर पावलं चालला आणि मग थांबला. टोळीत आजवर कोणी केलं नव्हतं ते त्यानं केलं. तो मागे वळला.

त्यानं हिरमाला आईच्या दारात उतरवलं. त्याचे खांदे सोलून निघाले होते.

"याला चालता येत नाही," तो म्हणाला.

"मग बरोबर ठिकाणी आणलंस," थांबाई म्हणाली.

त्या वर्षी टोळी पुढे गेली नाही. त्या वस्तीचं नाव थांबोळी. असं म्हणतात, या भागातली बाकी सगळी गावं तिथूनच बी घेऊन वसली.

थांबोळीत थांबाईचं देऊळ नाही. पण आजही सावा काढला की पहिली मूठ शिजवून, ज्यांना चालता येत नाही त्यांच्या घरी आधी पोचवतात. मग गावातले तरणे लोक म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन शिवारभर हिंडवतात. यात पाटलाला सूट नाही, सरपंचाला नाही. गेल्या साली राहीबाई नावाची आजी अडून बसली. म्हणाली, मी अजून धडधाकट चालते, मला कशाला उचलता?

"आजी, रीत आहे," नातू म्हणाला.

आजीनं पदर खोचला आणि त्याच्या गळ्यात हात टाकले. "मग बांधाबांधानं चल," ती म्हणाली. "मला सगळं बघायचंय."